मोने राहू द्या बाजूला, आधी सिस्ली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, तुम्ही दोन-तीन वर्षं दर रविवारी आउटडोअरला जाता, ऑइलमध्ये लँडस्केप करता, जो भेटतो तो मोनेचा (क्लोद मोने, फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार) अभ्यास करा म्हणतो, आणि परवा कुणीतरी सिस्लीचं नाव घेतलं. मग हा सिस्ली कोण, त्याचं आयुष्य काय, आणि त्याचा नंतर कुणावर काही प्रभाव पडला की नुसताच मोनेच्या सावलीत राहिला.

मी तीसेक वर्षं उन्हात स्टूल टाकून बसतोय आणि त्यातली वीसेक वर्षं पोरांना शिकवतोय, त्यामुळे हे पुस्तकी उत्तर नाही, ब्रश धरणाऱ्याचं आहे. एक आधीच सांगून टाकतो. मोने बघून माणूस भारावतो, पण शिकायला जातो तेव्हा हाताला फार काही लागत नाही, कारण मोनेची नजर मोनेकडेच होती, ती काही आपल्याला मिळत नाही. सिस्लीचं तसं नाही. तो काय करतोय ते दिसतं, आणि ते करून बघता येतं.

आल्फ्रेड सिस्ली. जन्म पॅरिसचा, १८३९, पण आईवडील इंग्रज. वडील व्यापारी, घरात पैसा बरा. १८५७ साली पोराला धंदा शिकायला लंडनला धाडलं, तिथे पोरगं धंदा सोडून कॉन्स्टेबल आणि टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकारांची चित्रं बघत फिरलं. (१८५७ म्हणजे आपलं जे. जे. स्कूल सुरू झालं तेच वर्ष. संबंध काही नाही, पण मला अशा तारखा लक्षात ठेवायला आवडतं.) परत आल्यावर वडिलांनी फारशी खळखळ न करता चित्रकला शिकू दिली आणि हा ग्लेर नावाच्या मास्तरांच्या स्टुडिओत दाखल झाला, तिथे बाजूला कोण तर मोने, रेन्वार आणि बाझिय. एका वर्गात चौघं! ग्लेरचा स्टुडिओ सुटल्यावर ही मंडळी फोंतेनब्लोच्या जंगलात जाऊन झाडं रंगवायला लागली. तेव्हा ट्यूबमधले रंग बाजारात येऊन वीसेक वर्षं झाली होती, १८४१ ला एका अमेरिकन चित्रकाराने पिळायची कथलाची ट्यूब काढली होती, नाहीतर त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत, ते फुटत, वाळत, आणि आख्खं ऑइल बाहेर बसून पूर्ण करणं म्हणजे डोकेदुखीच. आपण आज सहज खांद्याला बॅग अडकवून निघतो ना, त्याच्या मुळाशी ती ट्यूब आहे.

सुरुवातीची दहा वर्षं त्याला पोटाची चिंता नव्हती. चित्रं विकली नाही तरी बापाचा पैसा होता. सलोनमध्ये, म्हणजे तिथलं सरकारी वार्षिक प्रदर्शन, १८६६ ला त्याची चित्रं लागलीसुद्धा. त्या काळातली चित्रं बघा, गडद आहेत, कोरोची छाप सरळ दिसते, कोरो म्हणजे आधीच्या पिढीतला लँडस्केपवाला, त्याच्याकडून सिस्लीने रस्ता उचलला. चित्रात आत जाणारा रस्ता. पुढे आयुष्यभर त्याने तो सोडला नाही, नदी असो, गल्ली असो, पॉप्लरच्या झाडांची रांग असो, काहीतरी एक तुमचा हात धरून आत घेऊन जातंच.

मग १८७०. फ्रान्स-प्रशियाचं युद्ध. बाझिय लढाईत मेला, तिशीही झाली नव्हती. सिस्लीचं बूजिव्हालचं घर प्रशियन सैनिकांच्या हातात गेलं, आतलं सगळं गेलं, आधीची बरीच चित्रंही त्यात गेली, आणि वडिलांचा धंदा बुडाला. इथून पुढे तो हौशी नाही, पोटासाठी चित्रं काढणारा माणूस झाला, आणि मला वाटतं खरा सिस्ली इथूनच सुरू होतो, हे ऐकायला क्रूर वाटेल पण चित्रं शेजारी ठेवून बघा. घरात एव्हाना बायको (लग्न झालेलं नव्हतं, त्याची गंमत पुढे सांगतो) आणि दोन लहान मुलं, पिएर आणि जान. पॅरिसमध्ये राहणं परवडत नाही म्हणून हे कुटुंब पॅरिसच्या पश्चिमेच्या गावांत भाड्याने फिरत राहिलं, लुव्सिएन, मार्ली, सेव्र. त्याच्या चित्रांची यादी म्हणजे त्याने बदललेल्या घरांची यादी. जिथे राहिला तिथलंच रंगवलं. लांब जायला पैसे होते कुठे!

१८७४ ला पॅरिसमध्ये नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत ते प्रसिद्ध पहिलं प्रदर्शन भरलं, ज्याच्यावरून इम्प्रेशनिस्ट (बाहेर बसून त्या क्षणाचा प्रकाश मोकळ्या ब्रशने रंगवणारे) हे नाव टिंगल म्हणून पडलं. सिस्ली त्यात होता, आणि १८७६, ७७, ८२ लाही. पहिलं प्रदर्शन झालं त्याच उन्हाळ्यात फोर नावाच्या ऑपेरा गायकाने, जो त्याची चित्रं घ्यायचा, त्याला इंग्लंडला नेलं. हॅम्प्टन कोर्टजवळ थेम्सच्या काठी काही महिने. त्यातलं एक चित्र पुलाच्या खालून काढलंय, म्हणजे पुलाचे खांब आणि वरची पट्टी चौकटीसारखी आणि मधून पाणी. आजही कुणी असा अँगल घेतला की आपण म्हणतो वा काय कंपोझिशन आहे. दीडशे वर्षं झाली त्याला.

आता पोर-मार्लीच्या पुराकडे येतो, कारण सिस्लीचं एकच चित्र बघायचं असेल तर ते.

१८७६ च्या मार्चमध्ये सेन नदीला पूर आला आणि पोर-मार्ली गावात पाणी शिरलं. सिस्ली शेजारीच मार्लीत राहत होता. त्याने जाऊन या पुराची सहा-सात चित्रं केली. आता पूर म्हटला की आपल्या डोक्यात काय येतं, आक्रोश, वाहून जाणारी जनावरं, छपरावर चढलेली माणसं. सिस्लीच्या चित्रात यातलं काही नाही. एक दारूवाल्याचं दुकान, त्याची भिंत फिकट गुलाबी-पिवळसर, तळमजला पाण्यात, होड्या लागलेल्या, झाडांची रांग पाण्यातून वर आलेली, आणि वर भलंमोठं आकाश ज्यातले ढग आता फाटायला लागलेत. पाऊस थांबलाय. तेच आकाश खाली रस्त्यावर पसरलंय. बस. माणसं आपापल्या कामाला लागलीत.

वाईला ज्यांनी गणपती घाटावर पाणी चढलेलं बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. पुराच्या दुसऱ्या दिवशी एक विचित्र शांतता असते, ऊन पडतं, आणि ओळखीची जागा अनोळखी होऊन बसते. त्याने ती शांतता पकडलीय. मी हे चित्र आधी वीस वर्षं छापील बघत होतो आणि मला ते जरा मिळमिळीत वाटायचं, खरं सांगतो. मग पॅरिसला ओर्से म्युझियममध्ये समोर उभा राहिलो. ६० बाय ८१ सेंटीमीटर, म्हणजे काही मोठं नाही, आपल्या नेहमीच्या कॅनव्हासएवढं. आणि ते ग्रे! छपाईत ते सगळे ग्रे मरतात. कुठलाच ग्रे काळा-पांढरा मिसळून केलेला नाही, कुठे निळा नारिंगीने मोडलाय, कुठे जांभळट पिवळ्याने, आणि भिंतीचा तो फिकट गुलाबी त्या ग्रेंच्या शेजारी ठेवल्यामुळे असा पेटतो की बस. फोनच्या स्क्रीनवर तर अजून वाईट, सगळं निळंशार करून टाकतात. त्यामुळे नेटवर बघून सिस्ली फिका आहे असं मत बनवू नका, मी बनवलं होतं.

हे चित्र त्या वेळी १८० फ्रँकला गेलं. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमच्या उपयोगाचं. सिस्लीने आपल्या पद्धतीबद्दल फार लिहिलेलं नाही, पण ताव्हर्निए नावाच्या समीक्षक मित्राला एक पत्र लिहिलंय आणि त्यात तो दोन गोष्टी सांगतो ज्या माझ्या मते प्रत्येक आउटडोअरवाल्याने बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवाव्यात. पहिली, आकाश हा मागचा पडदा नाही, जमिनीला जसे थर असतात तसे आकाशालाही असतात, ते खोली देतं आणि हालचालही देतं, म्हणून मी चित्र नेहमी आकाशापासून सुरू करतो. दुसरी, एकाच चित्रात हाताळणी वेगवेगळी असायला हरकत नाही, कुठे गुळगुळीत, कुठे खडबडीत, प्रकाशाला जशी हवी तशी.

पहिलीचं बघा. आपल्याकडे वॉटरकलरवाले आकाश आधीच करतात, पण ते वॉशची सोय म्हणून, वरून खाली यायचं म्हणून. हीच मंडळी ऑइलला आली की सवय सुटते. आधी देऊळ, मग घाट, मग झाड, मग बाया धुणं धुतायत, आणि शेवटी उरलेल्या जागेत ट्यूबमधून थेट सेरुलियन (आभाळी निळा) काढून, त्यात पांढरा घालून, आकाश भरून टाकायचं. भरून टाकायचं, शब्दच बघा, खड्डा भरल्यासारखं! मग म्हणणार सर, देऊळ चिकटवल्यासारखं दिसतंय. दिसणारच. देवळावर पडलेला प्रकाश ज्या आकाशातून आला ते आकाश तुम्ही देऊळ रंगवताना बघितलंच नव्हतं.

आकाश आधी केलं की काय होतं, तुमचा सगळा टोन, म्हणजे काय किती उजळ आणि काय किती गडद, तिथे ठरतो. आकाश सगळ्यात उजेडाचं, मग पाणी त्याहून एक पायरी खाली, मग जमीन, मग उभ्या गोष्टी, झाडं-भिंती सगळ्यात गडद. साधारण नियम आहे, अपवाद असतात (उन्हातली चुन्याची भिंत ढगाळ आकाशाहून उजळ असते, सिस्लीच्या बर्फातही हेच होतं), पण पाया हाच. आणि दुसरं म्हणजे आकाश सगळ्यात आधी बदलतं. पावसाळ्यात वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसलात तर वीस मिनिटांत तुमच्या डोक्यावरचं आकाश दुसरंच असतं. घाट कुठे जात नाही, तो पेशव्यांच्या काळापासून तिथेच आहे. जे पळतंय ते आधी पकडा.

दुसरी गोष्ट, हाताळणीची. मोनेने पुढे पुढे सगळ्या चित्रभर एकच प्रकारचा तुकड्यातुकड्यांचा ब्रश चालवला, सिस्लीने तसं केलं नाही. त्याचं पाणी आडव्या लांब फटकाऱ्यात, झाड आखूड तुटक, आकाश कुठे पातळ घासलेलं तर ढगाच्या कडेला जाड, रस्ता जवळजवळ सपाट. आणि बरेचदा कॅनव्हासचा फिकट ग्राउंड (खालचा पहिला थर) मधून मधून तसाच सोडलेला. म्हणून त्याच्या चित्रात दगड दगडासारखा आणि पाणी पाण्यासारखं राहतं, सगळ्याचा भाजीपाला होत नाही.

बर्फाचंही सांगायला हवं, कारण तिथे तो सगळ्यांच्या पुढे होता असं माझं मत आहे. लुव्सिएन आणि मार्लीतली बर्फाची चित्रं, एक गल्ली, दोन्ही बाजूला कुंपणाच्या भिंती, एखादी बाई छत्री घेऊन लांब जाताना. पांढरा म्हणून त्यात जवळपास नाहीच. सावल्या निळ्या-जांभळ्या, उन्हातला भाग किंचित पिवळा. आपल्याकडे बर्फ नाही, पण एप्रिलमध्ये दुपारी चारला चुना लावलेल्या भिंतीवर आंब्याची सावली बघा आणि खरंच डोळे किलकिले करून सांगा ती काळपट आहे का. अजिबात नाही. हे शिकायला मला सिस्ली लागला, मास्तरांनी तर आम्हाला सावलीला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, सांगितलं होतं.

आयुष्याकडे परत. १८७५ ला मोने, रेन्वार वगैरे मंडळींबरोबर त्याने पॅरिसच्या लिलावघरात चित्रं विकायला काढली, सिस्लीच्या चित्रांना साधारण शंभर-सव्वाशे फ्रँक सरासरी आली. १८७९ ला तो एका मित्राला लिहितो की असं नुसतं कसंबसं जगून कंटाळलो, सलोनला परत चित्र पाठवतो. सलोनने नाकारलं. द्युराँ-र्युएल हा या सगळ्यांचा डीलर चांगला माणूस, पण १८८२ च्या बँक बुडाल्याच्या गोंधळात तोच अडचणीत, मग चित्रकारांना कुठून देणार. मोने आणि रेन्वार यातून हळूहळू वर आले, १८९० च्या आसपास त्यांचं बरं चाललं होतं. सिस्लीचं नाही. का? माझा अंदाज, तो मोठ्याने बोलत नव्हता, ना चित्रात ना माणसांत. त्याला पॅरिसच्या लोकांत मिसळायचा कंटाळा, आणि उतारवयात जरा संशयी आणि तुसडाही झाला म्हणतात.

१८८० च्या सुमारास तो पॅरिसपासून लांब, ल्वाँ नदीच्या भागात गेला आणि शेवटी मोरे या छोट्या गावात स्थिरावला. जुना पूल, पाणचक्क्या, चर्च, पॉप्लरची झाडं. शेवटची वीस वर्षं जवळजवळ हाच परिसर. १८९३-९४ ला त्याने मोरेच्या चर्चची चौदाएक चित्रांची मालिका केली, उन्हात, पावसात, सकाळी, संध्याकाळी. मोनेची रुआँ कॅथेड्रलची मालिका त्याच काळातली, म्हणून लोक लगेच म्हणतात नक्कल. नीट बघा. मोने कॅथेड्रलच्या इतका जवळ जातो की दगड विरघळून नुसता रंग उरतो. सिस्ली चार पावलं मागे उभा राहतो, कोपऱ्यातून, चर्चभोवती हवा आहे, खाली रस्ता ओला आहे, वर आकाश आहे, आणि चर्च उभं आहे, दगडाचंच आहे. मोनेला दिसणं रंगवायचं होतं, सिस्लीला त्या दिवशीची हवा. मला दोन्ही आवडतात, पण पहिलं मला करता येणार नाही आणि दुसऱ्याचा मी निदान प्रयत्न करू शकतो.

१८९७ ला पॅरिसमध्ये जॉर्ज पतीच्या गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं, दीडशेच्या आसपास चित्रं. एकही विकलं गेलं नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दपो नावाच्या रुआँच्या कोळसा व्यापाऱ्याने, जो त्याचा मोठा गिऱ्हाईक होता, खर्च उचलून त्याला वेल्सला पाठवलं. तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा नीट समुद्र आणि कडे रंगवले, आणि तिथेच कार्डिफच्या रजिस्टर ऑफिसात, तीसेक वर्षं एकत्र राहिल्यावर, मुलं कर्तीसवरती झाल्यावर, युजेनीशी कायदेशीर लग्न केलं. दोघंही आजारी होती. ती १८९८ च्या ऑक्टोबरात गेली, तो १८९९ च्या २९ जानेवारीला, घशाचा कॅन्सर. जायच्या आधी त्याने मोनेला बोलावून घेतलं आणि मुलांकडे बघ म्हणाला. फ्रेंच नागरिकत्वासाठी त्याने अर्ज केला होता, तो काही पुरा झाला नाही. जन्म फ्रान्सचा, काम फ्रान्सचं, बायको फ्रेंच, मेला इंग्रज म्हणून. मोनेने शब्द पाळला, मुलांसाठी चित्रांची विक्री उभी केली.

आणि आता तो १८० चा आकडा. पुराचं ते चित्र १९०० च्या मार्चमध्ये, म्हणजे सिस्ली जाऊन वर्ष-सव्वा वर्षात, लिलावात ४३,००० फ्रँकला गेलं. कामोंदो नावाच्या संग्राहकाने घेतलं आणि पुढे देशाला देऊन टाकलं, म्हणून आज ओर्सेत आहे. मला हे वाचून दरवेळी राग येतो, कुणावर ते कळत नाही.

प्रभावाचं विचारलंत. शिष्यांची रांग नाही, घराणं नाही. पण तरुण मातीसने (पुढे गाजलेला फ्रेंच चित्रकार) म्हाताऱ्या पिसारोला विचारलं होतं की नमुनेदार इम्प्रेशनिस्ट कोण, तर पिसारोने मोनेचं नाव नाही घेतलं, सिस्लीचं घेतलं. स्वतः त्या चळवळीचा बुजुर्ग असलेला माणूस असं म्हणतो तेव्हा ऐकून ठेवावं. दुसरं उदाहरण गमतीदार आहे, पिकाबिया. हो तोच, पुढे दादा या रूढ कलेची टर उडवणाऱ्या चळवळीत जाऊन यंत्रांची चित्रं काढून सगळ्यांना खिजवणारा. त्याने सुरुवातीची पाच-सहा वर्षं मोरेला जाऊन सिस्लीच्या जागांवर बसून सिस्लीसारखीच चित्रं काढली, आणि ती बऱ्यापैकी विकली गेली, खुद्द सिस्लीची विकली गेली नव्हती तशी! रुआँला दपोने आपल्या संग्रहातली चित्रं गावच्या म्युझियमला दिली, त्यामुळे पॅरिसबाहेरच्या चित्रकारांना ती आपल्या गावात बघायला मिळाली, हा प्रभाव मोजता येत नाही पण असतोच.

आपल्याकडे? सिस्लीचा थेट वारसा सांगणारं कुणी माझ्या माहितीत नाही आणि ओढूनताणून जोडायचं नाही. इंदूरला चित्रकला शिकवणाऱ्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखालच्या मंडळींत, चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांत, इम्प्रेशनिझमचा वारा लागलेला दिसतो, तुकड्यातुकड्यांचा मोकळा ब्रश, उजळ सावल्या. तो सगळ्या चळवळीचा परिणाम, एकट्याचा नव्हे. बेंद्रे मात्र जरूर बघा, आपलं ऊन आपल्या रंगात कसं येतं ते तिथे कळेल, फ्रान्सचं ऊन इकडे आणून चालत नाही, आपल्याकडे दुपारी बारानंतर सगळे रंग भाजून निघतात.

जाता जाता, मोरेजवळच्या पॉप्लरच्या रस्त्याचं त्याचं एक चित्र नीसच्या म्युझियममध्ये होतं, ते तीनदा चोरीला गेलं. १९७८, १९९८ आणि २००७. तिन्ही वेळा परत मिळालं. जिवंतपणी कुणी फुकट नेत नव्हतं.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. पुढचे चार रविवार एकच जागा घ्या, बदलू नका. कॅनव्हासवर क्षितिजाची रेघ खालच्या तिसऱ्या हिश्शात मारा, म्हणजे आकाशाला जागा सोडावीच लागेल. ग्राउंड फिकट राखाडी किंवा मातकट करून न्या, कोरा पांढरा नको, डोळा फसतो. काळी ट्यूब घरी ठेवा. पहिली वीस मिनिटं फक्त आकाश, आणि सेरुलियन थेट वापरायचा नाही, प्रत्येक वेळी काहीतरी घालून मोडायचा, क्षितिजाकडे येताना गरम करत यायचं. त्यानंतर ढग कितीही सुंदर झाला तरी आकाशाला हात लावायचा नाही, खालचं सगळं त्याच आकाशाच्या हिशोबाने. चौथ्या रविवारी चारही चित्रं भिंतीला ओळीने लावा आणि फोटो काढून मला दाखवा, पण फोटो सावलीत काढा, फ्लॅश नको, ग्रे मरतात.